ईमेलचा पासवर्ड विसरलात? फोनमध्ये तो कुठे असतो आणि कुठे नसतो

कॉम्प्युटरवर मेल उघडायला जावं तर पासवर्ड आठवत नाही, आणि हातातल्या फोनवर तोच मेल एका बोटाने उघडतो. अशा वेळी साहजिकच वाटतं की फोनला पासवर्ड माहीत आहे, म्हणजे तो आत कुठेतरी लिहिलेला असणार. कधी तो खरंच असतो आणि दोन मिनिटांत सापडतो. पुष्कळदा मात्र तो फोनमध्ये नसतोच, आणि लोक संध्याकाळभर नसलेली गोष्ट शोधत बसतात. कुठे बघायचं, किती वेळ बघायचं आणि शोध सोडून सरळ नवा पासवर्ड कधी करायचा, ते या लेखात आहे.

त्याआधी एक ताकीद. फोनवर मेल अजून उघडत असेल तर काम संपेपर्यंत तीन गोष्टी करू नका: साइन आउट करू नका, सेटिंग्जमधून ते खातं काढून टाकू नका आणि फोन फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, तर मुळीच करू नका. 'एकदा काढून परत टाकून बघ' हा सल्ला घरोघरी मिळतो आणि याबाबतीत तोच सगळ्यात महागात पडतो. खातं परत टाकताना पासवर्ड लागतो, आणि तो तर तुमच्याकडे नाही. रीसेटचं आणखी वाईट. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रिकव्हरी मेनूतून पुसलेला फोन सुरू होताना आधीच्या गूगल खात्याची किंवा जुन्या स्क्रीन लॉकची ओळख मागतो. ती दिली नाही तर मेल जातोच, फोनही अडकतो.

फोन नक्की काय लक्षात ठेवतो

जीमेलच्या ॲपमध्ये पहिल्यांदा पासवर्ड टाकता तेव्हा गूगल तो तपासतं आणि फोनला एक टोकन देतं. पुढची सगळी ये-जा त्या टोकनवर चालते. एसटीचा पास एकदा काढला की कंडक्टर रोज पैसे मागत नाही, पास बघतो, तसंच हे. म्हणून चार वर्षं रोज मेल वाचणाऱ्या माणसाच्या फोनमध्येही पासवर्डची अक्षरं कुठेच नसतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये कितीही खोल गेलात तरी पासवर्ड दिसणार नाही, कारण तो तिथे ठेवलेलाच नाही. आउटलुक आणि याहूच्या ॲपचंही असंच आहे.

आपल्याला बघता येईल असा पासवर्ड साठवला जातो तो बहुतेक एकाच प्रसंगी. ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये लॉगिन करताना खाली 'पासवर्ड सेव्ह करायचा का' अशी पट्टी आली आणि तुम्ही होकार दिला, तर तो पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या यादीत जातो. हा होकार कधी दिला ते कोणाला आठवत नाही, म्हणून बघून घ्यायला हरकत नाही.

अँड्रॉइड फोनवर

क्रोम उघडा, वर उजवीकडच्या तीन टिंबांवर दाबा, सेटिंग्जमध्ये जा आणि 'गूगल पासवर्ड मॅनेजर' निवडा. दुसरी वाट फोनच्या सेटिंग्जमधून आहे: तिथे 'गूगल' हा भाग उघडा, त्यात 'ऑटोफिल'च्या खाली तोच मॅनेजर सापडतो. शाओमी, विवो, रिअलमी, सॅमसंग, प्रत्येकाने मेनूची मांडणी आपापल्या मनाने केली आहे, त्यामुळे पायऱ्या पाठ करण्यात अर्थ नाही. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत 'पासवर्ड' टाईप करा, फोन स्वतःच तिथे नेतो. पासवर्ड्स डॉट गूगल डॉट कॉम या पत्त्यावरही हीच यादी दिसते.

यादीतल्या नावावर दाबलं की फोन बोटाचा ठसा, पिन किंवा पॅटर्न मागेल. तो दिल्यावर ठिपक्यांच्या जागी काहीच बदललं नाही तर शेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर दाबा. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनला पुष्कळदा कुलूपच नसतं. तिथे पासवर्ड दाखवण्याआधी फोन स्क्रीन लॉक लावायला सांगतो. लावा, आणि तो पिन मात्र लगेच वहीत लिहा.

इथे लोक हमखास चुकतात ती गोष्ट वेगळीच आहे. एका फोनवर दोन-तीन गूगल खाती असतात आणि प्रत्येक खात्याची पासवर्डची यादी स्वतंत्र असते. एका यादीत काही नाही म्हणून निराश होऊ नका. वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबून दुसरं खातं निवडा आणि तिथली यादी बघा. मुलाने आपल्या खात्यावरून वडिलांचा मेल उघडून दिला असेल, तर पासवर्ड मुलाच्या यादीत निघतो.

आयफोनवर

आयओएस १८ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून, 'पासवर्ड्स' नावाचं वेगळं ॲप फोनमध्येच असतं. त्याआधीच्या फोनवर हाच भाग सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स' या नावाने आहे. उघडताना चेहरा, बोट किंवा पासकोड लागतो. वर शोधायची जागा आहे, तिथे आपला ईमेल आयडी टाका. नोंदीवर दाबून पासवर्डच्या ठिपक्यांवर बोट ठेवलं की अक्षरं दिसतात. चुकून काढून टाकलेल्या नोंदी 'डिलीटेड' या कप्प्यात ३० दिवस राहतात, तोही एकदा चाळा.

आयफोनवर क्रोम वापरत असाल तर पासवर्ड ॲपलच्या पेटीत न जाता गूगलच्या पेटीत गेलेला असू शकतो. दोन्हीकडे बघावं लागतं.

आणखी कोणत्या पेट्या

सॅमसंगच्या फोनवर सॅमसंग इंटरनेट ब्राउझर वापरला असेल तर पासवर्ड 'सॅमसंग पास'मध्ये जातो. तो भाग नव्या फोनवर 'सॅमसंग वॉलेट'मध्ये गेला आहे. फायरफॉक्सची स्वतःची यादी असते, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'पासवर्ड्स' नावाने. मायक्रोसॉफ्ट ऑथेंटिकेटरमध्ये पासवर्ड ठेवले होते, ते आता दिसेनासे झाले, असं बऱ्याच जणांच्या लक्षात आलं असेल. ती सोय मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केली. पासवर्ड मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवले गेले असतील तर त्याच खात्याने एज ब्राउझर उघडून बघा.

घरच्या कॉम्प्युटरवरचा क्रोम किंवा फायरफॉक्सही विसरू नका. फोनपेक्षा तिथेच पासवर्ड सापडण्याची शक्यता जास्त, कारण मेल ब्राउझरमध्ये उघडायची सवय तिथलीच.

कोणत्या नावाखाली शोधायचं

यादीत 'जीमेल' शोधून काही मिळत नाही, कारण पासवर्ड लॉगिनच्या पानाच्या पत्त्याखाली साठवला जातो. जीमेलसाठी 'अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम' किंवा नुसतं 'गूगल' बघा. हॉटमेल आणि आउटलुकसाठी 'लॉगिन डॉट लाइव्ह डॉट कॉम', आणि ऑफिसचा मेल मायक्रोसॉफ्टवर असेल तर 'लॉगिन डॉट मायक्रोसॉफ्टऑनलाइन डॉट कॉम'. याहूसाठी 'लॉगिन डॉट याहू डॉट कॉम'. रेडिफमेलचा जुना आयडी अजून जपणारे लोक आहेत, त्यांनी 'रेडिफ' शोधावं.

शोधपट्टीत साइटच्या नावाऐवजी ईमेल आयडीची पहिली चार अक्षरं टाकणं मला जास्त उपयोगी वाटतं. तो आयडी वापरून जिथे जिथे नोंदणी केली, त्या सगळ्या जागा समोर येतात: रेल्वेचं तिकीट, वीजबिल, कुठलंसं कपड्यांचं दुकान. मेलचा पासवर्ड त्यात नसला तरी त्या काळात तुम्ही कोणत्या धाटणीचे पासवर्ड ठेवत होता ते कळतं, आणि त्यावरून खरा आठवतो. आठवलेले दोन-चार टाकून बघा. वीस टाकू नका, कारण चुकीच्या प्रयत्नांची रांग लागली की लॉगिन काही काळ अडवलं जातं.

सापडला, पण चालत नाही

साठवलेला पासवर्ड जुना असू शकतो. मध्येच बदलला आणि तेव्हा 'अपडेट' न दाबता पट्टी सरकवून दिली, तर यादीत जुनाच राहतो. पण आधी साधी कारणं तपासा. कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटते. हाताने टाईप करताना कीबोर्ड पहिलं अक्षर आपोआप मोठं करतो. मराठी कीबोर्ड चालू राहिला असेल तर आकडे देवनागरी पडतात. आपल्या डोळ्यांना दोन्ही पाचच, सर्व्हरला मात्र ती दोन वेगळी चिन्हं. म्हणून पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून, काय टाईप होतंय ते बघत टाका.

जीमेल फोनवर चालू आहे? मग शोध पुरे

माझं स्पष्ट मत सांगतो. वरच्या पेट्या दहा-पंधरा मिनिटांत बघून होतात. तेवढ्यात जीमेलचा पासवर्ड मिळाला नाही तर तो सापडेल ही आशा सोडा आणि नवा करा. ज्या फोनवर खातं उघडं आहे, त्याच्या हातात पासवर्डपेक्षा मोठी गोष्ट आहे: तो गूगलच्या ओळखीचा आहे.

जीमेलमध्ये वर कोपऱ्यातल्या फोटोवर दाबा आणि 'मॅनेज युवर गूगल अकाउंट' उघडा. वरच्या पट्टीतला 'सिक्युरिटी' किंवा 'सिक्युरिटी अँड साइन-इन' हा भाग निवडा आणि खाली 'पासवर्ड'वर दाबा. आता जुना पासवर्ड मागितला जाईल, आणि बहुतेक जण इथूनच परत फिरतात. फिरू नका. त्याच चौकटीखाली 'फरगॉट पासवर्ड' किंवा 'ट्राय अनदर वे' असतं. ते दाबल्यावर बहुतेक अँड्रॉइड फोनवर स्क्रीन लॉकने ओळख पटवण्याचा पर्याय येतो. बोट ठेवलं की नवा पासवर्ड टाकायचं पान उघडतं. कधी लॉकऐवजी 'तुम्हीच आहात का' अशी सूचना फोनवर येते, कधी मोबाइल नंबरावर कोड येतो. जे येईल ते करा.

नवा पासवर्ड ठेवल्यावर बाकीच्या कॉम्प्युटर-फोनवरून तुम्ही बहुतेक ठिकाणी बाहेर काढले जाल. ते ठीकच आहे. फोन विकायचा किंवा कोणाला द्यायचा म्हणून हा खटाटोप चालला असेल, तर पासवर्ड बदलल्यावर रीसेट करण्याआधी २४ तास थांबा, असं गूगल सांगतं.

आणि फक्त कॉम्प्युटरवर मेल उघडायचा असेल तर कदाचित पासवर्डची गरजच नाही. मे २०२३ पासून गूगल खात्याला पासकी चालते, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलुपाने ओळख पटवायची सोय. लॉगिनच्या पानावर 'ट्राय अनदर वे' दाबून पासकी निवडली की क्यूआर कोड येतो. फोनने तो स्कॅन करून बोट ठेवलं की काम झालं. पासकी आधी तयार केलेली असावी लागते, एवढीच अट. दोन्ही उपकरणांचं ब्लूटूथ चालू ठेवा.

फोनवरही बाहेर पडला असाल तर

मग गूगलचं रिकव्हरी पान, म्हणजे खातं परत मिळवायचं पान, हा रस्ता आहे. पत्ता जी डॉट सीओ, पुढे तिरपी रेघ आणि 'रिकव्हर'. तिथे काय विचारलं जातं यापेक्षा तुम्ही कुठून विचारताय याला जास्त वजन आहे. ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर तो मेल नेहमी उघडत होता तोच घ्या, तोच ब्राउझर घ्या, आणि नेहमीच्या जागी, म्हणजे घरी किंवा ऑफिसात, बसून करा. मित्राच्या फोनवरून, प्रवासात, व्हीपीएन लावून केलेला प्रयत्न गूगलला चोराचा वाटतो आणि त्यात त्याची चूक नाही.

शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारला तर अंदाजाने का होईना, टाका. जुना असला तरी तो कामी येतो. प्रश्न टाळून पुढे गेलात तर तुमची बाजू कमकुवत होते. काही वेळा 'थांबा' असं उत्तर येतं आणि काही तास किंवा काही दिवस वाट बघावी लागते. त्या काळात पुन्हा पुन्हा प्रयत्न करून काही लवकर होत नाही.

रिकव्हरीचा मोबाइल नंबर बंद पडला असेल तर आधी कंपनीच्या गॅलरीत जाऊन विचारा. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कोणाला दिला जात नाही, त्यामुळे तो परत मिळण्याची थोडी आशा असते. सिम हरवलं असेल तर ओळखपत्र दाखवून त्याच नंबराचं दुसरं सिम मिळतं. मात्र नवं सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. फसवणूक टाळण्यासाठीचा तो नियम आहे. त्यामुळे कोडसाठी दुसऱ्या दिवशी बसा. परदेशात राहणाऱ्यांनी भारतातलं सिम रोमिंगवर चालू आहे का ते आधी बघावं.

टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर ओळखीची दुसरी पायरी मागणारी सोय, लावताना गूगलने आठ आकड्यांचे दहा बॅकअप कोड दिले होते का, हेही आठवा. त्यांचा फोटो गॅलरीत किंवा छापील कागद घरच्या फायलीत निघतो. पासवर्डच्या जागी ते चालत नाहीत, पण ओळख पटवायला उपयोगी पडतात.

दुकानात काढून दिलेला ईमेल

आपल्याकडची ही खास अडचण कुठल्याच मदतीच्या पानावर नसते. फोन विकत घेतला तेव्हा मोबाइलवाल्याने पटकन एक आयडी काढून दिला. किंवा सीईटीची नोंदणी, महाडीबीटीचा अर्ज, पॅन कार्ड यांसाठी सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात कोणीतरी आयडी तयार केला. पासवर्ड त्याने ठेवला, आणि रिकव्हरीचा नंबरही कधीकधी त्याचाच. अशा वेळी कोड त्याच्या फोनवर जातो, आणि तुम्ही घरी बसून आलेला नाही म्हणून वाट बघता.

रिकव्हरी पानावर नंबराचे शेवटचे दोन आकडे दिसतात. ते तुमच्या घरातल्या कोणाच्या नंबराशी जुळतात का बघा. मुलगी, जावई, भाऊ, सगळ्यांचे नंबर लावून बघा, कारण बऱ्याचदा तो घरातलाच निघतो. नाही जुळले तर अर्जाची जुनी प्रिंट शोधा. केंद्रवाले आयडी आणि पासवर्ड पेनने वरच्या कोपऱ्यात लिहून देतात. तेही नसेल तर त्या दुकानात स्वतः जा, त्याच्यासमोर कोड मागवा आणि तिथेच उभ्या उभ्या पासवर्ड आणि नंबर दोन्ही बदला. फोनवरून 'दादा, कोड सांगा ना' करण्यापेक्षा हे बरं, कारण कोडची मुदत थोडी असते.

याहू, आउटलुक आणि ऑफिसचा मेल

मायक्रोसॉफ्टकडे ओळख पटवायला नंबर किंवा दुसरा ईमेल उरला नसेल तर एक ऑनलाइन फॉर्म भरता येतो. त्यात जुने पासवर्ड, अलीकडे पाठवलेल्या मेलचे विषय, ज्यांना पाठवले त्यांचे पत्ते विचारतात. दिवसातून दोनदाच भरता येतो, म्हणून नीट माहिती गोळा करून बसा. टू-स्टेप चालू असेल तर हा फॉर्म चालत नाही. सुरक्षेची सगळी माहिती एकदम बदलायला घेतली तर ३० दिवस थांबावं लागतं.

याहूचा सगळा भर नोंदवलेल्या नंबरावर आणि दुसऱ्या ईमेलवर. दोन्ही गेले असतील तर फारसं काही हाती लागत नाही. पण याहूचं ॲप फोनवर उघडं असेल तर खात्याच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये जाऊन आजच नंबर बदला.

कंपनीच्या किंवा कॉलेजच्या डोमेनचा मेल वेगळा. तो फोनच्या मेल ॲपमध्ये जुन्या आयमॅप पद्धतीने जोडला असेल तर पासवर्ड खरोखर फोनमध्ये असतो, पण ठिपक्यांपलीकडे दिसत नाही. तो बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. तिथल्या आयटीवाल्याला सांगितलं तर तो दोन मिनिटांत नवा देतो.

कस्टमर केअरचा नंबर शोधू नका

जीमेलचा पासवर्ड फोनवरून काढून देणारं गूगलचं कोणतंही केंद्र नाही. इंटरनेटवर जे नंबर मिळतात ते फसवणाऱ्यांचे. समोरचा माणूस गोड मराठीत किंवा हिंदीत बोलतो, स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतो, मग 'दहा रुपये भरून बघा' म्हणतो. तिथून पुढे मेल राहतो बाजूला आणि बँकेचं खातं रिकामं होतं. 'पासवर्ड दाखवणारी' ॲप्सही याच जातीची. आपल्या फोनच्या पेटीत पासवर्ड असेल तर तो फोन स्वतःच दाखवतो. नसेल तर कुठलंही ॲप तो निर्माण करू शकत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

ही सगळी वाट फक्त आपल्या खात्यासाठी, किंवा शेजारी बसून सांगणाऱ्या आई-वडिलांच्या खात्यासाठी. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. नवरा-बायकोला यात सूट नाही.

आत आल्यावर, त्याच बैठकीत

रिकव्हरीचा नंबर आजचा आहे का बघा आणि दुसरा एक ईमेल जोडा. नवे बॅकअप कोड काढून कागदावर लिहा आणि तो कागद रेशनकार्ड-आधारच्या फायलीत ठेवा, फोनच्या कव्हरमध्ये नको. नवा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये गेला का ते लगेच उघडून बघा, कारण सेटिंग्जमधून बदलताना सेव्हची पट्टी येईलच असं नाही; नसेल तर अधिकच्या चिन्हावर दाबून हाताने नोंद करा. घरात एखादा जुना आयडी कधीतरीच उघडला जात असेल तर त्यातही एकदा डोकावून या. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकत आहे, आणि मुलांच्या लहानपणीचे फोटो नेमके अशाच खात्यांत असतात.